पाण्यावर ड्रोन उडवताय? आधी परत कसा आणायचा ते ठरवा

नवीन ड्रोन घेतला की पहिल्या नाही तर दुसऱ्या विकेंडला माणूस तो घेऊन पाण्यावरच जातो. तारकर्ली, दापोली, पवनाचं बॅकवॉटर, तापोळा, आणि का जाऊ नये, वरून पाणी दिसतंच तसं भारी. फक्त गावाकडच्या माळावर महिनाभर हात बसला म्हणजे पाण्यावरही जमेल असं धरून चालू नका, कारण माळावर जी चूक सहज पचते ती पाण्यावर पचत नाही.

जमिनीवर काय होतं, बॅटरीची वॉर्निंग आली, जीपीएस गंडलं, प्रॉपेलरला चीर गेली, तर जिथे असाल तिथे खाली उतरवता येतो. फार फार तर उसात शिरून शोधावा लागेल, ड्रोनचा एखादा हात मोडेल, रिपेअर होईल. पाण्यावर मधे उतरायला जागाच नाही, त्यामुळे जे काही बिघडेल ते काठापर्यंत ओढत आणायचं आणि नाहीच आला तर अख्खा गेला. त्यात बाहेरून तयार ड्रोन आयात करायला आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, म्हणजे गेला तर तसाच दुसरा मागवू हेही सोपं राहिलं नाही.

तरी एक मान्य करायला हवं, दुसऱ्यांच्या दृष्टीने पाणी जास्त सेफ आहे. विजेच्या तारा नाहीत, मोबाईलचे टॉवर नाहीत, खाली कोणाची डोकी नाहीत. लग्नाच्या मांडवावर पन्नास माणसांच्या डोक्यावरून ड्रोन फिरवणाऱ्यापेक्षा खाडीवर उडवणारा मला कधीही परवडला, त्याचा धोका जो काय आहे तो त्याच्याच खिशाला आहे.

आता सगळ्यात मोठा विषय, वारा. ड्रोन जातात ते बहुतेक परतीचा हिशोब चुकल्यामुळे, पाणी बिचारं नुसतं खाली असतं. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो ते इथे शब्दशः कामाला येतं. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातो. आपण शूट कधी करतो, तर सकाळी सकाळी, लाईट मस्त असतो, बीच रिकामा असतो, पाणी शांत दिसतं. नेमका तेव्हाच वारा तुमच्या पाठीमागून समुद्राकडे चाललेला असतो, आणि तुम्ही सुरूच्या बनाच्या आडोशाला उभे असता म्हणून तो अंगाला लागतच नाही, तुम्हाला वाटतं आज वारा पडलाय. ड्रोन झाडांच्या वर गेला की त्याला तो लागतो, आणि जाताना वारा मदत करतोय म्हणून बॅटरी कमी खातो, तुम्ही खूश.

परतताना बघा काय होतं. नॉर्मल मोडमध्ये छोट्या ड्रोनचा जोर सेकंदाला १० मीटरच्या आसपास धरा, समोरून वारा ७ चा असेल तर उरले ३. म्हणजे ९०० मीटर जाताना जे अंतर दीड मिनिटाच्या आत गेलं तेच यायला ५ मिनिटं लागणार, आणि ती पाचही मिनिटं मोटर पूर्ण ताकदीवर. हा ढोबळ हिशोब आहे पण डोक्यात बसला पाहिजे. कंपनी जी वारा सहन करण्याची लिमिट लिहिते, डीजेआयच्या छोट्या मिनी सिरीजमधल्या बऱ्याच मॉडेल्सला साधारण १०.७ मीटर सेकंदाला, ती एका जागी तग धरण्याची लिमिट समजा, तेवढ्या वाऱ्यातून सुखरूप घरी येण्याची नाही.

म्हणून उडवल्यावर लगेच आत घुसायचं नाही. आधी काठावरच, खाली वाळू असताना, ५०-६० मीटर वर न्या आणि रिमोटच्या स्टिक सोडून द्या. ड्रोन कुठल्या बाजूला झुकून उभा राहतोय ते बघा, ज्या बाजूला झुकला तिकडून वारा येतोय. मग नॉर्मल मोडमध्येच त्या बाजूला पूर्ण स्टिक देऊन स्क्रीनवर स्पीड किती मिळतोय ते वाचा. एरवी जेवढा मिळतो त्याच्या निम्मा मिळत असेल तर लांब जायचं कॅन्सल करा आणि किनाऱ्याला समांतर उडवा, खरं सांगायचं तर शॉटही तेच चांगले येतात, लाटांची रेघ, होड्या, माडांची रांग. नुसत्या निळ्या पाण्याचा शॉट कोणी दहा सेकंद बघत नाही.

साधा नियम असा की आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे येताना वारा पाठीशी राहील. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात हे आपोआप होतं, फक्त मार्च ते मेमध्ये दुपारी वारा एवढा सुटतो की छोटा ड्रोन काढूच नये. जून ते ऑगस्टबद्दल तर बोलायलाच नको, जून-जुलैत मच्छीमारांच्या होड्या सुद्धा बंदीत किनाऱ्याला लागलेल्या असतात, तुम्ही कुठे चाललात.

बॅटरी जमिनीवर लोक ३० टक्क्यांपर्यंत खेचतात, पाण्यावर ५० ला वळायचं, आणि वारा किनाऱ्याकडून असेल तर ६० ला. परत येत नाहीये असं दिसलं तर घाबरून वर नेऊ नका, खाली आणा, खाली वारा कमी असतो. २०-२५ मीटरवर येऊन स्पोर्ट मोड, म्हणजे सगळ्यात वेगवान मोड, लावा, बॅटरी पटापट जाईल पण अंतरही तुटेल, आणि स्पोर्ट मोडमध्ये समोरचे सेन्सर बंद असतात हे लक्षात ठेवून मधे होडीची डोलकाठी वगैरे नाही ना ते बघा. इथेच ऑटोमॅटिक रिटर्न टू होम लोकांना फसवतो, कारण तो आधी तुम्ही सेट केलेल्या उंचीवर चढतो आणि मग निघतो. मागच्या ट्रिपला सह्याद्रीत गेलेलात, उंची १२० ला ठेवलेली, ती तशीच राहिली, आता हा बाबा समुद्रावर १२० मीटरला चढून सगळ्यात जोरदार वाऱ्यात उभा. बीचवर माडांच्या डोक्यावरून जाईल एवढी पुरे, ४०-५० मीटर. तापोळ्यासारख्या ठिकाणी मात्र उलट, तिथे चहूबाजूंनी डोंगर, मधे डोंगराची सोंड येत असेल तर उंची त्या हिशोबानेच ठेवायची. प्रत्येक जागेला ही सेटिंग बदला, एवढं एक केलंत तरी खूप झालं.

होम पॉइंटचं आता, म्हणजे ड्रोन परत यायची म्हणून जी जागा लक्षात ठेवतो ती. घाईत सॅटेलाईट पूर्ण मिळायच्या आत टेकऑफ केला तर होम पॉइंट लागतच नाही, आणि मग हवेत असताना जिथे सिग्नल नीट मिळेल तिथेच लागतो. तोपर्यंत तुम्ही पाण्यावर पोचलेले असता. म्हणजे ड्रोनच्या मते त्याचं घर समुद्रात, सिग्नल तुटला की तिथेच जाऊन शांतपणे उतरणार. म्हणून ॲप बोलून सांगतं ना होम पॉइंट अपडेट झाला म्हणून, ते ऐकल्याशिवाय आणि मॅपवर तो बरोबर वाळूवर दिसल्याशिवाय जागा सोडायची नाही. सपाट बीचवर भरतीचाही हिशोब धरा, पहिली बॅटरी उडवली तेव्हा पाणी लांब होतं, तिसऱ्या बॅटरीला तीच जागा पाण्याखाली. लँडिंगची जागा आधीच वर, कोरड्या वाळूत घ्या.

होडीतून उडवत असाल तर हीच भानगड दुप्पट. होडी पुढे गेली, होम पॉइंट मागे पाण्यात राहिला. रिटर्नचं बटन होडीतून दाबायचंच नाही, किंवा ॲपमध्ये होम पॉइंट रिमोटच्या जागेवर घ्यायचा ऑप्शन असतो तो अधूनमधून वापरायचा. सिग्नल तुटल्यावर काय करायचं या सेटिंगलाही होडीवर नीट विचार करा, रिटर्न ऐवजी हॉवर, म्हणजे हवेत जागेवर थांबणं, ठेवलंत तर होडी वळवून त्याच्याकडे जाता येतं, पण बॅटरी संपेपर्यंतच. होडीवाल्या दादांना आधीच सांगा इंजिन बंद करून जरा थांबा म्हणून, कारण ड्रोन जीपीएसवर एका जागी थांबतो आणि होडी त्याच्या अंगावर जाते. लोखंडी पत्र्यावर ठेवून चालू केला तर कंपास कुरकुर करतो, हातावरून सोडा आणि हातातच घ्या, पकडणारा माणूस वेगळा ठेवा, आणि त्याने हात ताठ करून तोंडापासून लांब धरायचा.

पाण्याचा स्वतःचा असा त्रास म्हणजे खालचे सेन्सर. ड्रोनच्या पोटाखाली कॅमेरे आणि अंतर मोजणारा सेन्सर असतो, तो जमिनीवरचे दगड, गवत, फरशीचे जोड बघून एका जागी थांबतो. पाण्यावर बघण्यासारखं काही स्थिर नसतं, लाटा सरकतात, ऊन चमकतं, संथ बॅकवॉटरमध्ये तर आभाळच खाली दिसतं. मग ड्रोन लाटेबरोबर सरकायला लागतो, किंवा उंची चुकीची धरून हळूहळू खाली येतो, आणि तुम्ही स्टिकला हातही लावलेला नसतो. साधारण १० मीटरच्या वर हे सेन्सर फारसे कामाला येत नाहीत त्यामुळे तिथे प्रॉब्लेम नाही. पाण्याला चिकटून तो लो शॉट घ्यायचा असतो ना सगळ्यांना, तिथे गोची होते. नवशिक्यांनी १० मीटरच्या खाली यायचं नाही. यायचंच असेल तर जीपीएस पक्कं असू द्या, सेफ्टी सेटिंगमध्ये व्हिजन पोझिशनिंग, म्हणजे खालच्या कॅमेऱ्यांवरून जागा धरणं, बंद करायचा ऑप्शन असेल तर तो शॉटपुरता बंद करा आणि काठावर येताना आठवणीने परत चालू करा.

स्क्रीनवर दिसणारी उंची पाण्यापासूनची नसते हे पण पक्कं डोक्यात ठेवा. जिथून उडवला ती जागा शून्य. सड्यावरून, ४० मीटर उंच कड्यावरून उडवलात तर उणे ३५ म्हणजे पाणी ५ मीटरवर, आणि तो आकडा हवेच्या दाबावरून येतो त्यामुळे मीटर-दोन मीटर इकडेतिकडे. त्यात एखादी मोठी लाट आली की संपलंच. डोळ्यांनीही अंदाज येत नाही, जमिनीवर झाड असतं, गाडी असते, त्यावरून कळतं किती उंच आहे ते, पाण्यावर काहीच नसतं. पोलराइज्ड गॉगल लावला असेल तर मोबाईलची स्क्रीन एखाद्या अँगलला काळीठिक्कर दिसते, तो काढून ठेवा.

पक्षी. घारी सगळीकडे असतात, किनाऱ्यावर ब्राह्मणी घार आणि थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील किंवा जेट्टीवर मासळीचा लिलाव चालू असेल तर वर सगळं चक्कर मारत असतं, तिथे उडवूच नका, आणि ती माणसं कामात असतात, डोक्यावर घोंघाट कशाला. घार मागे लागली तर सरळ वर चढवा, वर चढताना तिला जड जातं.

परमिशनचं थोडक्यात. डिजिटल स्काय या सरकारी साईटचा मॅप उघडून तुमची जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघा, ग्रीन म्हणजे मोकळ्या झोनमध्येही १२० मीटरच्या वर नाही. मालवणला जाणारे एक विसरतात की चिपीचा एअरपोर्ट तिथून जवळ आहे, तारकर्ली-देवबागला मॅप न बघता उडवू नका. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला, त्याच्यावर परवानगीशिवाय नाही. धरणाच्या भिंतीपाशी, नेव्हीच्या आसपास तर अजिबात नाही, तिथे नुसता ड्रोन जाऊन भागत नाही.

घरी आल्यावर ड्रोन नुसता ओलसर फडक्याने पुसा, नंतर कोरड्याने. समुद्रावरची खारी हवा न भिजताही मोटरच्या बेअरिंगमध्ये बसते, आणि प्रॉपेलर हाताने फिरवून बघा, कुठलं एक बाकीच्यांपेक्षा कुरकुरत असेल तर वाळू गेलीय.

आणि बॅटरी एकदम तळाला जाऊन तो स्वतःहून उतरायला लागलाच तर हात सोडून देऊ नका. थ्रॉटल, म्हणजे ड्रोन वर-खाली नेणारी स्टिक, वर ढकलून धरली की उतरण्याचा वेग कमी होतो, तेवढ्यात दुसऱ्या स्टिकने काठाकडे खेचत राहा, गुडघाभर पाण्यात पडला तरी चालेल. खोल पाण्यात पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, कोकणच्या पाण्याला ओढ असते. उथळ पाण्यातून मिळाला तर पहिलं काम बॅटरी काढायची. चालू होतोय का बघू म्हणून बटन दाबायचं नाही, सगळे तेच करतात आणि जे वाचलं असतं तेही जाळतात. खारं पाणी असेल तर बाटलीतल्या गोड्या पाण्याने लगेच धुवा, मेमरी कार्ड काढून ते पण धुवून वाळवा, कार्ड बहुतेक वाचतं. तांदळाच्या डब्यात घालू नका, मीठ तांदूळ काढत नाहीत. खाऱ्या पाण्यात गेलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही, ती काही तासांनीही पेट घेऊ शकते, म्हणून गाडीत किंवा हॉटेलच्या रूमवर नेऊ नका, बाहेर मोकळ्या वाळूवर माणसांपासून लांब ठेवा आणि नंतर ई-कचऱ्यात द्या. इन्शुरन्स असेल तर ॲपमधला फ्लाइट लॉग त्याच दिवशी काढून ठेवा, क्लेमला तोच लागतो.