नाताळच्या सुट्टीत मराठवाड्यात जेवायचं कुठे, हे कसं ठरवायचं

सुट्टीत येणारी कुटुंबं लेण्यांचा आणि दर्शनाचा कार्यक्रम तासातासाने आखतात आणि जेवणाचं मात्र ‘वाटेत बघू’ म्हणतात. मराठवाड्यात हे अंगाशी येतं. गावं लांब लांब आहेत, बऱ्याच खानावळी दुपारी तीनच्या सुमारास आवरतात आणि संध्याकाळी सातपर्यंत चूल पेटत नाही. मधल्या वेळात चहा, भजी, वडापाव एवढंच हाती लागतं. म्हणून आधी जेवणाची जागा आणि वेळ ठरवा, बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. त्यामुळे सोमवारी सगळी गर्दी वेरूळला लोटते, मंगळवारी अजिंठ्याला, आणि जेवणाच्या रांगाही तिथेच लागतात. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर आहे, पण दौलताबादला रस्ता जुन्या वेशीतून जातो आणि सुट्टीत तिथे गाड्या तुंबतात. ‘दुपारी शहरात परतून जेवू’ हा बेत तिथेच फसतो. सकाळी लवकर लेण्यांत शिरा आणि बाराच्या आत वेरूळलाच जेवून घ्या. एक वाजला की घृष्णेश्वराचं दर्शन घेतलेली मंडळीही त्याच टेबलांवर येतात.

अजिंठ्याला गाडी फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावं लागतं. आत गेल्यावर पटकन जेवून परत येणं जमत नाही. लेण्यांजवळ उपाहारगृह आहे, पण सुट्टीत तिथे जागा मिळेलच असं नाही. जाताना सिल्लोडला पोहे किंवा सुशीला (भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे) असा पोटभर नाश्ता करा आणि गाडीत धपाटे-चटणी ठेवा.

नकाशावर ‘उघडं आहे’ दिसलं तरी फोन कराच, कारण सुट्टीतल्या वेळा तिथे कुणी बदलत नाही. ताजे अभिप्राय आणि थाळीचे फोटो तारखेसह पाहा. फोनवर नेमकं विचारा: आज थाळी किती वाजेपर्यंत आहे? भाकरी ज्वारीची, की बाजरीची? थाळी अनलिमिटेड, की वाट्या मोजून? परमिट रूम असेल तर फॅमिलीला वेगळी बसायची सोय आहे का? लहान मुलं असतील तर साधं वरण-भात मिळेल का, हेही विचारा. काळ्या मसाल्याचा रस्सा त्यांना झेपत नाही; मोठ्यांनीही तर्री वेगळी मागितलेली बरी.

भाकरीचा हिशेब बहुतेक जण विसरतात. भाकरी थापून भाजायला दोन मिनिटं धरली, तर बारा जणांच्या चोवीस भाकरी एका तव्यावर पाऊण तास घेतात. ढाब्यावर पोचून ऑर्डर दिली की पोरं रडकुंडीला येतात आणि शेवटी भात मागवून वेळ भागवावी लागते. निघतानाच आकडा कळवा आणि पोचायच्या अर्धा तास आधी पुन्हा फोन करा.

संभाजीनगरात मांसाहार करणार असाल तर नान-खलिया, म्हणजे नानसोबतचा मांसाचा रस्सा, चुकवू नका. तो मोठ्या देगेत शिजतो आणि संपला की संपला, म्हणून लवकर जा. मांस कोणतं आहे, हे आधी विचारा. सगळीकडे मटणच असतं असं नाही.

नांदेडला जेवणाची चिंता नको. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणालाही विनामूल्य जेवता येतं. डोकं झाका, चप्पल बाहेर काढा, पंगतीत बसा, पोळी दोन्ही हात पुढे करून घ्या आणि पानात काही टाकू नका. तुळजापूरला मात्र आधी चौकशी करा. पौषातलं शाकंभरी नवरात्र काही वर्षी नाताळच्या सुट्टीलाच लागून येतं आणि देवळाजवळच्या खानावळीत उभं राहायला जागा उरत नाही. तिथून बीडकडे निघालात तर कुंथलगिरीचे पेढे घ्यायला थांबा.

डिसेंबरच्या अखेरीस हुरडा सुरू झालेला असतो. या सुट्टीतलं सगळ्यात चांगलं जेवण हेच, असं आमचं ठाम मत आहे. पेरणी उशिरा झाली असेल तर दाणा भरायलाही उशीर होतो, म्हणून ‘कणसं भरली का?’ हा पहिला प्रश्न. ज्वारी गुळभेंडी किंवा सुरती जातीची असेल तर उत्तम. हुरडा आगटीतून काढून हातावर चोळून लगेच खायचा असतो. गार झाला की निबर लागतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. माणशी दरात फक्त हुरडा आहे, की पिठलं-भाकरीही, हे बुकिंग करतानाच स्पष्ट करा. हुरड्याने पोट भरतं आणि पुढचं जेवण वाया जातं. दोन्ही हवं असेल तर मध्ये दोन तास ठेवा.

31 डिसेंबरच्या रात्री शहरातली अनेक हॉटेलं नेहमीचा मेन्यू बंद ठेवून ठरावीक दराचं जेवण देतात. नुसतं साधं जेवायचं असेल तर आठच्या आत शाकाहारी भोजनालय गाठा. समृद्धी महामार्गाने परतणार असाल तर रस्त्यावर चढण्याआधीच जेवा आणि पाणी भरून घ्या. एकदा चढलं की खाण्याची पुढची सोय बरीच लांब असू शकते.