बंद जंक्शनचा इतिहास कसा काढायचा: आमच्या दारव्ह्यावरून

यवतमाळ जिल्ह्यातलं दारव्हा मोतीबाग जंक्शन. यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला, ही अरुंद रुळांची छोटी गाडी, सगळ्यांना ठाऊक, पण मग जंक्शन कशाचं? बंद जंक्शनचा शोध घ्यायचा तर पहिला प्रश्न हाच: दुसरा फाटा गेला कुठं? आमचा पुसदला जायचा, १९३१ सालचा.

आधी टेप घेऊन निघा. रुळांमधलं अंतर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचं. मी पहिल्यांदा बाहेरून मोजलं, ८६ सेंटिमीटर भरलं आणि दोन दिवस डोकं खाजवत बसलो. आतून मोजल्यावर ७६, म्हणजे सरळ अडीच फूट. मग रुळाच्या उभ्या अंगावर तारेचा ब्रश मारा आणि खडू आडवा घासा. उठावाची अक्षरं पांढरी होऊन वर येतात: कारखान्याचं नाव, साल, कधी वजनही. पण ते साल कारखान्यात रूळ बनल्याचं, गाडी सुरू झाल्याचं नव्हे. आणि नट-बोल्टसुद्धा खिशात घालू नका, माल आपला नाही.

फाट्याचे रूळच नसतील तर वळण शोधा. पांदण, म्हणजे शेतवाट, धुऱ्याधुऱ्यानं (शेताच्या कडेनं) झटकन वळते, रेल्वेला ते जमत नाही. शेतांतून सावकाश वळत गेलेला लांब बांध (रुळाखालचा मातीचा भराव) दिसला, पुढं नाल्यावर घडीव दगडाची मोरी आणि तिच्यावरून रस्ता कुठलाच नाही, की समजायचं. भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढून ताडून पाहा.

१९०८ च्या यवतमाळ गॅझेटियरवर वेळ घालवू नका, आमची गाडी नंतरची. इंग्रजी कागदांत यवतमाळ 'येवतमाळ' आणि शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाचं अचलपूर 'एलिचपूर' म्हणून सापडेल.

म्हाताऱ्यांना "गाडी कधी सुरू झाली?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "लय जुनी हाय." त्यापेक्षा "इंजिन पाणी कुठं घे?" असं विचारा. माणूस काठी घेऊन जागा दाखवायलाच निघतो. वाफेचं इंजिन शकुंतलेवर १९९४ पर्यंत होतं, त्यावरून आठवणीचा काळ लावता येतो. पुसदचे रूळ महायुद्धात उचलले, हे मात्र सगळे एकाच शब्दांत सांगतात. म्हणून मी ते वहीत 'ऐकीव' म्हणूनच लिहिलंय.

वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेज दारव्हा, पुसदवरूनच जातेय. जेसीबीपुढं जुना बांध टिकत नाही. तूर निघाली की लगेच जा.