पोटावर हात ठेवा आणि श्वास घ्या

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिचे श्वास मोजले. मिनिटाला 28. मोठ्या माणसाचे निवांत असताना 12 ते 20 असतात. टाके दुखू नयेत म्हणून ती अगदी वरवर, खांदे उचलून श्वास घेत होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे, छातीच्या पेशंटना दिवसभर श्वास घ्यायलाच शिकवते. तिला म्हटलं, "आई, पोटाने श्वास घे." त्यावर ती म्हणाली, "अगं, पोटात कुठली हवा जायची?"

तिचं बरोबर होतं. हवा पोटात जात नाही. पण फुप्फुसंही ती स्वतः ओढून घेत नाहीत, कारण स्वतःला फुगवतील असे स्नायूच त्यांच्यात नाहीत. ते काम मुख्यतः श्वासपटलाचं. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा ताणलेला हा पातळ स्नायू. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होत खाली येतो, साध्या श्वासाला एक-दोन सेंटिमीटर. छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी होतो आणि हवा आपणहून आत शिरते. खाली आलेल्या पटलामुळे यकृत, जठर, आतडी दाबली जातात. त्यांना सरकायला जागा पुढेच, म्हणून पोट वर येतं. पोट हललं म्हणजे पटल हललं, एवढाच त्याचा अर्थ.

आता स्वतःवर करून पाहा. पाठीवर झोपा, गुडघे मुडपा, म्हणजे पोट सैल पडेल. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या थोडा वर. तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्या. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. बरेच जण इथे पोट मुद्दाम फुगवतात. तसं करू नका, पोटाला फक्त वर येऊ द्या. सोडताना काहीच जोर लावायचा नाही. ताणलेली फुप्फुसं रबरासारखी आपोआप आखडतात आणि हवा बाहेर पडते. पाच-सहा श्वास झाले की थांबा. गरगरलं तर लगेच थांबा आणि नेहमीसारखा श्वास चालू द्या.

एवढा खटाटोप कशाला, हे मी पेशंटना कागदावर हिशेब मांडून दाखवते. साध्या एका श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली 150 नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांतच राहते. तिथे रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. उरलेली 350 वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतल्या बारीक हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचते. मिनिटाला 12 श्वास धरले तर कामाची हवा 4200. आता तोच माणूस घाबरून निम्मा-निम्मा श्वास घेतोय, 250 मिलिलिटरचे 24. एकूण हवा दोन्हीकडे सारखीच, 6000. पण दर श्वासातले 150 वजा करा. राहिले 100, गुणिले 24, म्हणजे फक्त 2400. दमणूक दुप्पट आणि कामाची हवा निम्म्याहून थोडीच जास्त! आईचं हेच चाललं होतं.

शिवाय वरवरच्या श्वासाने फुप्फुसांचा तळ नीट उघडत नाही. वायुकोश दोन्ही फुप्फुसांत मिळून कोट्यवधी आहेत आणि त्यांची भिंत इतकी पातळ, की ऑक्सिजन तिच्यातून सहज रक्तात उतरतो. पण मिटलेल्या वायुकोशांचा उपयोग शून्य. तिथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. ऑपरेशननंतर आम्ही पेशंटच्या मागे लागतो ते यासाठी.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. जुनाट दम्यासारख्या आजाराने ज्यांची फुप्फुसं कायमची फुगून राहिली आहेत, त्यांचं पटल आधीच सपाट झालेलं असतं. त्यांनी पोटाच्या श्वासाचा हट्ट धरू नये, त्याने दम वाढू शकतो. त्यांच्यासाठी ओठांचा श्वास बरा. नाकाने दोन आकडे मोजत घ्या आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार आकडे मोजत सोडा. फुंकायचं नाही, नुसतं सोडायचं. अरुंद तोंडातून हवा हळू सुटली की आत थोडा दाब टिकतो आणि बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत. जिना चढून दम लागला, तर कुणालाही हा श्वास उपयोगी पडतो. पण बसल्या जागी दम लागतोय किंवा ओठ निळसर दिसतायत, तर व्यायाम करत बसू नका, तडक डॉक्टरांकडे जा.

आईला मी आधी पोटावर हात ठेवायला लावला, वरून माझा हात. पहिले तीन श्वास छातीतच. चौथ्याला तळहाताखाली काहीतरी हललं. तिलाही कळलं, कारण तिने माझ्याकडे पाहिलं. मग उशी दिली. खोकताना ती दोन्ही हातांनी टाक्यांवर घट्ट धरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि मग खोकायचं. टाक्यांना आधार मिळाला की दुखणं सोसवतं. संध्याकाळपर्यंत कफ सुटायला लागला. रात्री ती झोपेत असताना मी पुन्हा मोजले, मिनिटाला 18.