जीनी सी. रायली ऐकायचीय? मग अशी ऐका

कंट्री म्युझिकवाल्यांना (म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांच्या चाहत्यांना) जीनी सी. रायली ही गायिका म्हटलं की एकच गाणं आठवतं, 'हार्पर व्हॅली पीटीए', आणि विषय तिथेच संपतो. तुम्ही तिथे थांबू नका, पण सुरुवात मात्र त्याच गाण्याने करा.

१९६८ चं प्लँटेशन रेकॉर्ड्सवालं मूळ रेकॉर्डिंगच शोधा. त्या काळातल्या बऱ्याच कंट्री गायकांनी आपली हिट गाणी नंतर परत गायलीत आणि तीच 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणून खपतात, त्यामुळे प्ले करायच्या आधी वर्ष बघा, बारीक अक्षरात 'री-रेकॉर्डेड' लिहिलंय का तेही बघा.

पहिल्यांदा लिरिक्स समोर ठेवून ऐका. टॉम टी. हॉलने लिहिलंय. एक विधवा आई असते, मुलगी शाळेतून पालक-शिक्षक संघाची चिठ्ठी घेऊन येते की तुमचे कपडे आखूड, वागणं बरं नाही, मग ही बाई मिनीस्कर्ट घालूनच त्यांच्या मीटिंगला जाते आणि एकेकाचं बिंग फोडते! ही गोष्ट नेमकं कोण सांगतंय ते अगदी शेवटी कळतं, म्हणून मध्येच बंद करू नका. दुसऱ्यांदा फक्त वादक जेरी केनेडीच्या डोब्रोकडे (धातूच्या गुंजणाऱ्या आवाजाची एक गिटार) कान द्या, जीनीच्या ओळीला तो कसा चिमटे काढतो बघा.

मग चार्ट बघा. कंट्री म्युझिकचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात सेक्रेटरीचं काम करणाऱ्या जीनीचं गाणं बिलबोर्ड हॉट १०० वर (अमेरिकेतल्या सगळ्या प्रकारच्या लोकप्रिय गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी) एका आठवड्यात ८१ वरून थेट ७ वर आलं, पुढे तिथेही आणि कंट्री चार्टवरही नंबर वन झालं. एकाच गाण्याने दोन्हीकडे नंबर वन, असं करणारी ती पहिली बाई.

आता पुढची गाणी, क्रमानेच ऐका. 'द गर्ल मोस्ट लाइकली' (कंट्री चार्टवर ६), 'देअर नेव्हर वॉज अ टाइम' (५) आणि १९७१ चं 'ओ, सिंगर' (४). पहिलं तर नक्कीच ऐका, तोच ठसका आहे. पण हॉट १०० च्या टॉप ४० मध्ये ती परत कधीच आली नाही आणि १९७१ नंतर कंट्रीचं टॉप टेनही संपलं. मला वाटतं एवढ्या मोठ्या हिटच्या सावलीत बाकीची गाणी नीट ऐकलीच गेली नाहीत, आणि तिला स्वतःला ती मिनीस्कर्ट-बूटवाली इमेज मनापासून पटत नव्हती, पुढे ती गॉस्पेलकडे, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांकडे वळली. ती गॉस्पेल गाणी मात्र या यादीत मिसळू नका, वेगळ्या दिवशी सलग ऐका.