थांबतं, पण किती पायऱ्यांत?

टर्म रीरायटिंगचा माझा पहिला संबंध जळगावला एम.एस्सी. करताना आला. म्हणजे पदं, चिन्हांनी लिहिलेल्या राशी, नियमांनी बदलत जाणं. नियम ठरलेले असतात: पदात नियमाची डावी बाजू दिसली की तिथे उजवी ठेवायची, आणि हे चालू ठेवायचं. कधी थांबणार? कुठल्याही नियमावलीसाठी याचं उत्तर देणारी एकच रीत असूच शकत नाही, हे ह्यूए आणि लँकफर्ड यांनी १९७८ साली दाखवलं. म्हणून ऑर्डरिंग, म्हणजे पदांचा लहान-मोठा क्रम, लागते: प्रत्येक पायरीला पद उतरतं, आणि ती उतरण अनंत असू शकत नाही, एवढं सिद्ध करायचं.

डर्शोविट्झ आणि मन्ना यांची १९७९ची मल्टिसेट ऑर्डरिंग (मल्टिसेट म्हणजे एकच गोष्ट अनेकदा असू शकेल असा संच) आठवडाभर वाचूनही माझ्या डोक्यात शिरत नव्हती. सुट्टीत रावेरकडे घरी गेलो, तेव्हा केळीची कापणी चालू होती. एक घड उचलला की त्याच्या फण्या होतात, फणीची सुटी केळी होतात. नुसते नग मोजले तर आकडा वाढतच जातो. पण दर वेळी एक मोठं जातं आणि त्याच्या जागी फक्त त्याहून लहानच येतं, मग ते कितीही का असेना. त्यामुळे काम संपणार हे नक्की. मात्र किती वेळात संपणार, ते घडाला फण्या किती यावर ठरेल. नुसती मल्टिसेट ऑर्डरिंग त्याबद्दल काही बोलत नाही. माझ्यासाठी खरा विषय इथूनच सुरू झाला.

नवख्यांनी इथे नीट थांबावं, कारण मी इथेच चुकलो. दुप्पट करायचे दोन नियम घ्या. पु म्हणजे ‘पुढची संख्या’:

दु(०) → ०
दु(पु(क्ष)) → पु(पु(दु(क्ष)))

०ला १, पुला क्ष+१ आणि दुला ३क्ष अशी किंमत द्या. पहिल्या नियमात ३ विरुद्ध १, दुसऱ्यात ३क्ष+३ विरुद्ध ३क्ष+२. दोन्हीकडे डावी बाजू मोठी, म्हणजे थांबतं. सेमिनारमध्ये मी ठासून सांगितलं की पायऱ्याही पदाच्या आकाराच्या प्रमाणातच लागतात. सरांनी फळ्यावर दु(दु(दु(पु(०)))) लिहिलं आणि म्हणाले, “मोज.”

आतून सुरुवात केली: २, मग ३, मग ५. एकूण १०. एकात एक दहा दु घातले की १,०३३ पायऱ्या होतात. सुरुवातीच्या पदात एकच दु असेल तर माझं बरोबर होतं. कुठलंही पद चालेल म्हटलं की पायऱ्या घातांकी होतात. पहिल्याला रनटाइम कॉम्प्लेक्सिटी म्हणतात, दुसऱ्याला डेरिव्हेशनल. पेपर उघडला की यातली कोणती मोजली आहे, ते आधी बघा.

पुराव्याची रीतच पायऱ्यांना मर्यादा घालते, हे मला या शाखेतलं सगळ्यात सुंदर वाटतं. वरच्यासारख्या बहुपदी किमतींनी सिद्ध केलंत तर पायऱ्या दुहेरी घातांकाच्या आत राहतात (हॉफबाउअर आणि लाउटेमान, १९८९). मल्टिसेट पाथ ऑर्डरिंगने (चिन्हांच्या क्रमावरून पदं तोलायची, आतली पदं मल्टिसेट म्हणून) केलंत तर प्रिमिटिव्ह रिकर्सिव्ह मर्यादेत, म्हणजे फेऱ्या आधीच ठरलेल्या लूपनी मोजता येईल एवढ्यात. आतली पदं शब्दकोशासारखी एकापाठोपाठ तोलणाऱ्या लेक्सिकोग्राफिक पाथ ऑर्डरिंगने त्याहून खूप वर जाता येतं. ते वायरमानने १९९५ साली मोजलं.

आता जर्मनीतल्या आखेनचं अ‍ॅप्रूव्ह किंवा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचं टायरोलियन टर्मिनेशन टूल अशी सॉफ्टवेअर नियमावली थांबते का, हे आपोआप तपासतात. उत्तराबरोबर पुरावाही मिळतो. ‘होय’ वाचून खिडकी बंद करू नका. त्यातल्या दोन असमता तरी वहीत स्वतः पडताळा.