धोका समोर आला की लीडर हमखास करतात त्या चुका (नहेम्या 4:9)

बायबलमधला नहेम्या म्हणजे पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार, राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक, यरुशलेमची पडलेली तटबंदी परत बांधायला आलेला. भिंत निम्म्या उंचीला आली आणि सनबल्लट, तोबीया या विरोधकांनी हल्ल्याचा बेत केला. त्यावर 9व्या वचनात एवढंच सांगितलंय की त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. माझ्या मते सगळं त्या 'आणि'मध्ये आहे.

कारण पहिली चूक तिथंच होते, दोन्हीतलं एकच धरायचं. 2019 च्या पुरात कोल्हापुरात आमच्या मंडळीच्या तरुण संघानं हेच केलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटाला, म्हणजे इशारा पातळीला आली तशी आम्ही प्रार्थनेची साखळी लावली, तासातासाला माणूस ठरलेला, पण पाणी बघायला कोणच नव्हतं, 43 ला धोका हे सगळ्यांना पाठ तरी रात्री आकडा कुणी बघितलाच नाही. सुतारवाड्यातल्या आमच्या एका आजींकडं पोचलो तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलेलं आणि त्या एकट्याच शिलाई मशीन पलंगावर चढवायला बघत होत्या. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. 2021 ला वही एकच केली, एका रकान्यात प्रार्थना कोण करणार, शेजारच्या रकान्यात पाणी कोण बघणार, आणि उलटंही होतं बरं का, नुसती धावपळ करणारी पोरं दुसऱ्या दिवशी एकमेकांवर खेकसत होती, म्हणून पहिला रकाना पण तेवढाच लागतो.

दुसरी चूक, पहारा दिसेल अशा जागी लावायचा. नहेम्यानं भिंतीमागच्या सखल, उघड्या जागी माणसं उभी केली, तीपण घराण्याघराण्यानं. आपली निम्मी टीम मात्र शिवाजी पुलाकडं असते आणि चिखली, आंबेवाडी या पाण्यात जाणाऱ्या गावांकडं कोण नसतं.

दमलेल्यांना गप्प बसवू नका. ओझी वाहणाऱ्यांची ताकद संपली, ढिगारा लई आहे, असं लोक 10व्या वचनात बोललेत आणि ते तसंच लिहून ठेवलंय. पुढं निम्मे कामाला, निम्मे भाले धरून. पाळ्या लावा, सरळ.

निरोप दहा तोंडानं जाऊ देऊ नका. कर्णा वाजवणारा नहेम्याच्या शेजारी असायचा, आवाज येईल तिकडं सगळ्यांनी जमायचं. आमचे तीन व्हॉट्सअॅप ग्रुप होते, तिन्हीकडं वेगळा आकडा. आता एकच नंबर.

विरोधकांच्या टोमण्यांत, बोलावण्यांत अडकू नका. ओनोच्या मैदानात भेटायला ये म्हणून नहेम्याला सनबल्लटकडून चारदा बोलावणं आलं, चारही वेळा एकच उत्तर गेलं, मोठं काम चालू आहे, येता येत नाही. भिंत 52 दिवसात झाली.

आणि बाहेर धोका आहे म्हणून घरातली तक्रार दाबू नका. पाचव्या अध्यायात गरिबांची शेतं गहाण पडलेली, व्याज घेणारे आपलेच, ते ऐकून नहेम्या चिडला, विचार केला आणि मोठ्या लोकांना तोंडावर जाब विचारला. आमच्यात आजी बोलल्या, "मला कुणी विचारलंच नाही रे." आता 37 फुटालाच त्यांचं मशीन माडीवर जातं, आणि तो फोन करायचं काम माझ्याकडं आहे.