स्मार्ट बोर्ड आणि ऑनलाइन चाचणी : शिक्षकांनो, या चुका टाळा

प्रशिक्षणाहून परतल्यावर पहिली चूक ठरलेलीच : एका आठवड्यात पाच ॲप्स. निम्मा तास लॉगिनमध्ये जातो आणि दिवाळीपर्यंत सगळंच बंद पडतं. एक इयत्ता, एक विषय, एकच साधन घ्या आणि पहिल्या चाचणीपर्यंत तेवढंच वापरा.

चित्र दिसतं, पण बोर्डवर बोट टेकवून काहीच हलत नाही? बोर्ड बिघडला म्हणून तक्रार करू नका. एचडीएमआय केबल फक्त चित्र आणि आवाज नेते. स्पर्शासाठी पॅनेलच्या, म्हणजे बोर्डाच्याच, टच पोर्टमधून लॅपटॉपला वेगळी यूएसबी केबल लागते. ती पाच मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर स्पर्श अधूनमधून तुटतो. कर्सर आपोआप उड्या मारत असेल तर चौकट बघा. बऱ्याच पॅनेलमध्ये चौकटीतून इन्फ्रारेड किरण आडवे-उभे जातात आणि ते अडवील ती प्रत्येक गोष्ट बोर्डाला बोटच वाटते : बांगड्या, पदराचं टोक, कोपऱ्यात साचलेली खडूची भुकटी. पॅनेल बंद करून चौकट कोरड्या कापडाने पुसा. बाजूला खडूचा फळाही असेल तर हे रोजचं काम समजा.

आता ऑनलाइन चाचणी, म्हणजे गूगल फॉर्म. सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, आणि बडोद्यातल्या मराठी वर्गांत त्याला खास स्थानिक कारण आहे. समजा प्रश्न आहे : सयाजीराव महाराजांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे कोणत्या वर्षी केले? उत्तर 1906. एक मूल इंग्रजी आकड्यांत लिहितं, दुसरं देवनागरीत, तिसरं 'सन' जोडतं आणि चौथ्याच्या फोनवर गुजराती कीबोर्ड असल्याने आकडे गुजराती पडतात. चौघंही बरोबर, पण फॉर्म तिघांना शून्य देतो, कारण लघुउत्तरात तो अर्थ बघत नाही, अक्षरं जुळवतो. उत्तरसूचीत हे सगळे पर्याय घाला, 'इतर सर्व उत्तरे चूक' या खुणेला हात लावू नका आणि गुण लगेच जाहीर न करता तपासल्यावर जाहीर करा. त्याहून सोपं म्हणजे असा प्रश्न बहुपर्यायीच ठेवा.

'एकच प्रतिसाद' ही मर्यादाही विचार करून लावा. तिच्यासाठी गूगल खात्याने लॉगिन लागतं. घरात वडिलांचा एकच फोन आणि त्यावर एकच खातं असेल, तर ताईने चाचणी दिली की त्याच वर्गातल्या जुळ्या भावाला फॉर्म उघडतच नाही. मर्यादा काढा आणि हजेरी क्रमांक आवश्यक करा. दुबार आलेले प्रतिसाद उत्तरांच्या शीटमध्ये दिसतातच.

जुन्या प्रश्नपत्रिका फॉर्ममध्ये चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांचा काला होतो. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी दिसतं ते केवळ वरचं रूप. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे मराठीच दिसेल अशा रूपात, बदला, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. 'दुसऱ्या' हा शब्द हमखास 'दुसर्या' होऊन येतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून J ची कळ दाबा, मग शिफ्ट सोडून D, मग तिरक्या रेघेची (/) कळ : 'ऱ्य' नीट उमटतं.